वीतभर अंतरावरचं टेबल

जगासारखं व्हायचं नाही, एवढ्या एका हट्टापायी आमच्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी किती देश सोडले, ते आता म्हातारेही धड सांगत नाहीत. रशिया सोडला, कॅनडा सोडला, मेक्सिको सोडला आणि शेवटी बोलिव्हियात, सांताक्रूझच्या सपाट रानात झाडं तोडून वसाहत घातली. जगाची वीज नको, जगाची शाळा नको, जगाचे कपडे नकोत. आणि जगासारखं होणं टाळता टाळता सगळे एकमेकांसारखे झाले. पुरुष सगळे डांगरीत, बायका सगळ्या चुण्यांच्या गडद झग्यात. लग्न झालेलीच्या डोक्याला काळा रुमाल, न झालेलीच्या पांढरा. कुणाच्या झग्याला चार चुण्या कमी पडल्या तरी बातमी दुसऱ्या वाडीपर्यंत जायची. एका माळेचे मणी म्हणतात ते हेच. माळेतून मणी सुटला तर त्याला उचलायला कुणी वाकत नाही, हे मात्र ओवताना कुणी सांगत नाही.

सात नंबरच्या वाडीतली आगानेटा टाइख्रोब त्या माळेतला अगदी मधला मणी होती. सोमवारी धुणं, शनिवारी अंगण झाडून मातीवर खराट्याच्या सरळ रेघा, रविवारी प्रार्थनेला तिसरा बाक. तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नव्हतं, आणि खरं तर चांगलंही बोलत नव्हतं, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. नवरा गेरहार्ड शेती आणि गाई बघायचा. थोरला डाविड लग्न होऊन शेजारीच राहायचा. धाकटा कोर्नी. नाकासमोर चालणारं घर. असं घर एकदा ठेचकाळलं की त्याला उठता येत नाही, कारण पडायची सवयच नसते.

ठेच लागली ती ट्रॅक्टरच्या चाकाची. आमच्याकडे ट्रॅक्टर चालतो, पण त्याला रबरी टायर चालत नाहीत. लोखंडी चाकं हवीत, वर लोखंडाचेच दाते. कारण लोखंडी चाकावर शेत नांगरता येतं, पण हमरस्त्यावरच्या गावापर्यंत जायचं म्हटलं तर हाडं खिळखिळी होतात. टायर आले की पोरं गावात जाणार, गावात गेली की बियर, बियरच्या मागून जग. बापजाद्यांनी विचार करून घातलेला नियम, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. पण त्या लोखंडावर तीस वर्षं बसून गेरहार्डची पाठ कामातून गेली होती. संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात यायचा तेव्हा दोन्ही मुलं त्याला बगलेत धरून खाली उतरवायची, आणि तो रात्री भिंतीकडे तोंड करून कण्हायचा, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून उशी दातात धरून. तिला ऐकू जायचंच.

कोर्नीनं ते बघितलं आणि एके दिवशी कुठूनशी जुनी टायरची चाकं आणून ट्रॅक्टरला चढवली. त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी झाला होता, म्हणजे नियम आता त्याला पुरता लागू होता. आगानेटानं ती चाकं बघितली तेव्हा तिच्या हातातली दुधाची बादली हिंदकळली.

"हे काय केलंस रे?"

"बाबांची पाठ बघ ना, आई. आधी पाठ, मग नियम."

"असं बोलू नकोस. भिंतीला कान असतात."

गेरहार्ड ट्रॅक्टरवर चढला आणि शेतावर गेला. संध्याकाळी तो एकटा, कुणाचा हात न धरता खाली उतरला आणि ओट्यावर येऊन बसला. "आगानेटा," तो म्हणाला, "आज मला पाठ आहे हेच मी विसरलो होतो." तो हसला. त्याला असं हसताना तिनं लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं, आणि तिला त्या हसण्याचीच भीती वाटली.

लोखंडी चाक मातीत भोकं पाडतं, टायर नक्षी उमटवतो. दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या सगळ्या वाडीनं ती नक्षी वाचली. आठवडा संपायच्या आत बापलेकांना प्रार्थनाघरात मंडळीपुढे उभं केलं. पाळक योहान हार्डर, ज्यांना सगळी वसाहत योहानकाका म्हणते, त्यांनी विचारलं, "चाकं कुणी चढवली?"

"मी," कोर्नी म्हणाला.

"कुणासाठी?"

कोर्नीनं बापाकडे बघितलं. बाप तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. पोराला वाटलं, बाबा आता बोलतील, मग वाटलं, आता बोलतील. शेवटी त्यानंच मान वळवली आणि म्हणाला, "माझ्यासाठीच."

गेरहार्डनं गुडघे टेकून माफी मागितली, घरात नजर ठेवली नाही म्हणून. त्याला माफ केलं. कोर्नीला गुडघे टेकायला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी काही वाईट केलं नाही." मंडळीनं त्याला वाळीत टाकलं. बायकांच्या बाकावर आगानेटा हात मांडीवर ठेवून बसली होती. बायकांना तिथे बोलायचं नसतं. नवऱ्यानं एक वाक्य बोलायला हवं होतं, फक्त एक, आणि ते वाक्य तिला पाठ होतं. ते तिनं पुढची कितीतरी वर्षं मनात म्हटलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आमची तऱ्हा एवढीच, की त्याच्याशी बोलता येतं, पण त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवता येत नाही, आणि त्याच्या हातातून काही घेता येत नाही. त्यानं वस्तू खाली ठेवायची, मग आपण उचलायची. आईनंसुद्धा.

कोर्नी हमरस्त्यावरच्या गावात राहायला गेला आणि डोन्या एल्वीरा नावाच्या बाईच्या पंक्चरच्या दुकानात लागला. टायरपायी हाकललेलं पोर टायरवरच पोट भरायला लागलं म्हणून वाडीत लोक हसले. दर रविवारी दुपारी मात्र तो घरी यायचा, कारण रविवारी दुपारी आमच्याकडे कुणीही कुणाकडे न सांगता जातं आणि पाव, चीज, पेरूचा जॅम आणि कॉफी हे सगळ्यांना मिळतंच.

त्या रविवारसाठी गेरहार्डनं एक लहान टेबल केलं. मंडळीपुढे जे तोंडातून निघालं नाही, ते त्यानं बहुतेक रंध्यानं बोलून घेतलं. मोठ्या टेबलाला उंचीत तंतोतंत जुळणारं. दोन टेबलं वेगळी, म्हणजे नियम पाळला. मध्ये फट दोन बोटांची. आणि दोन्हींवरून आगानेटानं एकच लांब टेबलक्लॉथ घातला, तिच्या लग्नातला, काठाला निळी फुलं भरलेला. वरून बघितलं तर एक टेबल, एक घर. कॉफीचं भांडं बरोबर फटीवर ठेवायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. ते भांडं कुठल्याच टेबलाचं नाही, त्यामुळे ज्याला हवं त्यानं उचलून ओतून घ्यावं. हातातून हातात जात नाही. हे सगळं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप जमत गेलं. आगानेटाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी चोरलं आहे, आणि ते पचलंही आहे.

"सासूबाई, कुणी वाकून बघितलं तर?" डाविडची बायको लीना एकदा म्हणाली.

"वाकून बघितलं तर फट दिसेल. फट दिसली तर काय बिघडलं? फटच तर हवी आहे त्यांना."

"मग तुम्ही दाराकडे का बघता सारख्या?"

आगानेटानं लीनाच्या धाकटीला मांडीवर घेतलं आणि पावाचा तुकडा जॅममध्ये बुडवून तिच्या तोंडात दिला.

आणि एका रविवारी दारात योहानकाकांची बग्गी थांबली. लगामाचा आवाज तिनं ओळखला. गेरहार्ड त्यांना आत आणायला बाहेर गेला, कोर्नी लहान टेबलाशी बसला होता, आणि तेवढ्यात तिला काय वाटलं कोण जाणे. दोन बोटं पुरे नाहीत, असं वाटलं. पाळकाच्या डोळ्याला फट दिसली पाहिजे, निदान त्यांनी हात लावला तर कळली पाहिजे. तिनं कमरेनं रेटा देऊन लहान टेबल मागे सरकवलं. वीतभर. टेबलक्लॉथ तसाच राहिला, फक्त मध्ये जरा ताणला गेला.

"काय करतेस, आई?" कोर्नीनं विचारलं.

"गप बस. नियमात राहूया आपण."

योहानकाका आत आले, टोपी काढली, लांबलचक टेबलक्लॉथकडे बघितलं आणि उभेच राहिले.

"वेगळं आहे, काका," गेरहार्ड घाईनं म्हणाला. "टेबल वेगळं आहे. मध्ये फट आहे."

"दिसत नाही," योहानकाका म्हणाले. पण बसले. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर सोपं झालं असतं.

पावसाच्या गोष्टी झाल्या, गाईच्या कासेला आलेल्या सुजेच्या झाल्या. गेरहार्डनं पाहुण्याला कॉफी ओतली आणि दर रविवारच्या सवयीनं, न बघता, भांडं फटीवर ठेवलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवायला तिथे टेबल नव्हतंच. टेबलक्लॉथ पोटात घेतल्यासारखा खाली गेला, भांडं त्याच्यासकट आत गेलं, आणि उकळती कॉफी कोर्नीच्या नडगीवर सांडली. आगानेटा कमरेला खोचलेलं फडकं घेऊन खाली बसली आणि पोराचा पाय पुसू लागली. योहानकाकांनी टेबलक्लॉथ उचलून खाली बघितलं.

"वीतभर," ते म्हणाले. "खरं आहे. फट आहे."

"होय, काका," आगानेटा जमिनीवरून म्हणाली.

"मग वर हे पांघरूण कशाला, आगानेटाबाई? देवाला तर खालचं दिसतंच. म्हणजे हे माणसांसाठी. माणसांना काय दाखवायचं होतं तुम्हाला?"

तिला सांगता आलं असतं. मला माझं घर एक दिसायला हवं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला नव्हे, मला. पण तिच्या तोंडून निघालं ते दुसरंच. "सवय आहे टेबलक्लॉथ घालायची."

"सवय मोडा. नाहीतर सरळ एका टेबलावर बसा त्याच्याबरोबर, म्हणजे तुमचंही काय ते मंडळी ठरवेल. मग गेरहार्डला तुमच्याबरोबर जेवता येणार नाही, आणि लीनाला तिची पोरं तुमच्या हातात देता येणार नाहीत. एक काय ते करा. दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहता येत नाही."

तिनं टेबलक्लॉथ काढला. ओला भाग आत करून घडी घातली आणि पेटीत टाकला. कॉफीचा डाग तिनं कधी धुतला नाही. ती नियम मोडताना पकडली गेली नव्हती, हे तिला नंतर रोज टोचायचं. दोन बोटांवर ठेवलं असतं तर भांडं पडलं नसतं, कुणी कापड उचललं नसतं. तिनं नियम जास्त पाळला, आणि तिथेच पडली.

पुढच्या रविवारी कोर्नी आला, उघड्या टेबलांमधली ती वीतभर फट बघितली, उभ्याउभ्याच कॉफी प्यायला. "दुकानात काम वाढलंय, आई," तो म्हणाला. पुढे रविवार येत राहिले, तो आला नाही.

मग सरकारनं वसाहतीपर्यंत डांबरी रस्ता केला. लोखंडी दात्यांनी तो उखडायला लागला तसा दंड बसायला लागला, आणि बापजाद्यांचा नियम दंडापुढे टिकला नाही. पुरुषांची सभा बसली, रबरी टायर मान्य झाले. बापाच्या पाठीसाठी मोडलं तर पाप आणि सरकारचं नाव घेऊन मोडलं तर ठराव. वर्षभरात प्रत्येक ट्रॅक्टरला टायर आले, सगळ्यांत आधी योहानकाकांच्या ट्रॅक्टरला. आणि टायर आले की पंक्चर आलं. आमचे लोक कोर्नीच्या दुकानात जायला लागले. टायर जमिनीवर ठेवायचे, कोर्नी जोडून पुन्हा जमिनीवर ठेवायचा, मग हे उचलायचे. वाळीत टाकलेल्याच्या हातातून घ्यायचं नाही ना. डोन्या एल्वीरा कपाळावर हात मारून घ्यायची.

आगानेटा योहानकाकांच्या अंगणात गेली. बाई एकटी पाळकाकडे जात नाही, पण ती गेली.

"काका, आता माझ्या पोराला टेबलावर घ्या."

"त्यानं मंडळीपुढे गुडघे टेकावेत. आजच घेतो."

"कशासाठी टेकायचे? ज्या चाकासाठी काढलं ते तुमच्या ट्रॅक्टरला आहे."

योहानकाकांनी ट्रॅक्टरकडे बघितलं नाही. "चाकासाठी काढलं नव्हतं. ऐकलं नाही म्हणून काढलं. आज्ञा बदलली, बाई. अवज्ञा होती तिथेच आहे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे सुंभ या लोकांनी स्वतः जाळला होता आणि पीळ तिच्या पोराच्या गळ्यात ठेवला होता. तिथून ती तशीच हमरस्त्यावर गेली. कोर्नी टायरमध्ये हात घालून बसला होता.

"टेक रे गुडघे," ती म्हणाली. "कोरडे टेक. मनातून नको टेकूस."

"टेकतो," तो म्हणाला. "आत्ता येतो. पण आधी बाबांनी उभं राहून सांगायचं, चाकं कुणासाठी चढवली होती. एवढंच."

"तेवढं केलं तर?"

"तर मी दोन्ही गुडघे टेकतो, हवं तर कपाळही."

ती घरी आली आणि गेरहार्डपुढे उभी राहिली. त्याची पाठ आता टायरच्या ट्रॅक्टरनंही बरी होण्यातली नव्हती. तो खुर्चीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता.

"एक वाक्य आहे, अहो. तुमच्या वाट्याचं. बोलून टाका."

त्यानं बी दाताखाली फोडली. "आता कशाला उकरायचं, आगानेटा? सगळं नीट चाललंय."

"कुणाचं नीट चाललंय?"

त्यानं सालपट हातावर थुंकलं आणि दुसरी बी तोंडात टाकली. नंतर ती त्याला दर रविवारी विचारायची आणि तो दर रविवारी उद्याचं बोलायचा. कापणीच्या दिवसांत एका सकाळी तो उठलाच नाही. तिला रडू आलं ते आधी रागाचं आलं. वाक्य तो बरोबर घेऊन गेला होता.

मयताचं जेवण डाविडच्या शेडमध्ये होतं. मनुका घातलेले पाव, कॉफी, साखरेच्या वड्या. एका बाजूला पुरुषांची पंगत, दुसऱ्या बाजूला बायकांची. बाहेर ट्रॅक्टर आणि गाड्यांची रांग लागली होती, सगळ्या टायरवर. कोर्नी आला. बापाचं तोंड त्यानं बघितलं. आणि लीनानं, बिचारीनं कुणी सांगायची वाटही न बघता, घरातून ते लहान टेबल आणून मोठ्या टेबलाच्या टोकाशी ठेवलं. वीतभर अंतरावर. बापानं ज्याच्यासाठी केलं होतं त्याला बापाच्या दिवशी ते टेबल मिळालं.

आगानेटा बायकांच्या पंगतीत पहिल्या जागी बसायची होती. ती बसली नाही. तिनं आपला कप आणि पाव उचलला, सगळ्यांच्या देखत चालत गेली आणि लहान टेबलाशी, पोराच्या समोर, खुर्ची ओढून बसली. शेडमध्ये चमच्यांचे आवाज थांबले. योहानकाका उभे राहिले. लीनानं धाकटीला पोटाशी ओढून धरलं.

आगानेटानं पाव मोडला. तिला भीती वाटत नव्हती. इतक्या वर्षांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"खा," ती कोर्नीला म्हणाली.

कोर्नीनं योहानकाकांकडे बघितलं, लीनाच्या पोरीकडे बघितलं, मग आईकडे. आणि उठला.

"बस खाली," ती म्हणाली.

"नाही, आई. तू एकटीच राहशील. माझ्यासारखी."

"राहीन. मला चालेल."

"मला नाही चालणार," तो हळूच म्हणाला. त्यानं पाव तिथेच ठेवला, कप घेतला आणि बाहेर गेला. दारातून तो दिसत होता, ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला टेकून कॉफी पिताना. बापानं गप्प बसून त्याला घालवलं होतं. आज आईनं तोंड उघडलं, तर त्यानं स्वतःच स्वतःला घालवलं.

योहानकाका जवळ आले. त्यांचा आवाज मऊ होता. "आगानेटाबाई, घास तोंडात गेला नाही अजून. काही बिघडलं नाही. चला, तिकडे तुमची जागा आहे."

"मी इथेच बरी आहे."

"इथे बसता येणार नाही."

"का, काका? इथे वाळीत टाकलेलं कुणी नाही. एकटीनं बसून खायला बंदी आहे का? असली तर वाचून दाखवा."

त्यांनी विचार केला. खरोखर केला, कारण ते प्रामाणिक होते. बंदी नव्हती.

तेव्हापासून ती त्या टेबलावर जेवते. डाविडकडेच असते आता, सकाळ-संध्याकाळ, पाहुणे असोत नसोत. झग्याला चुण्या बरोबर, रुमाल काळा, रविवारी तिसरा बाक. तिच्यावर बोट ठेवायला कुणाला जागा नाही, आणि तिच्यासमोर कुणाला घास उतरत नाही. योहानकाका त्या घरी कॉफीला यायचे थांबले. कोर्नीही येत नाही. लीनाला ते बघवत नाही. जेवणं झाली की ती झाडताना टेबल हळूच मोठ्या टेबलाला लावून ठेवते. आगानेटा येते आणि बसायच्या आधी पायानं ते पुन्हा वीतभर मागे सरकवते.